भावाच्या गोळ्या आणि उणे दोनचा आकडा

सप्रेम नमस्कार,

माझ्या २८ वर्षांच्या धाकट्या भावाला चार वर्षांपूर्वी स्किझोफ्रेनियाचे निदान झाले. गोळ्या सुरू झाल्यावर कानात येणारे आवाज थांबले आणि तो मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसू लागला. मात्र या चार वर्षांत त्याने तीनदा गोळ्या परस्पर बंद केल्या. गेल्या दिवाळीनंतर बारा दिवस बंद ठेवल्या तेव्हा आवाज पुन्हा सुरू झाले. मागच्या महिन्यात रुग्णालयातील मानसशास्त्रज्ञ मॅडमनी त्याच्याकडून औषधांविषयीच्या दहा वाक्यांचा एक कागद भरून घेतला. प्रत्येक वाक्यापुढे ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ अशी खूण करायची होती. खाली लाल शाईने ‘उणे दोन’ असे लिहिले आहे. त्या कागदाचा फोटो सोबत पाठवते. आई म्हणते, याला औषध नकोच आहे हे आता कागदावरच आले, तेव्हा गोळी कुटून सकाळच्या चहात घालावी. मला ते पटत नाही, पण दुसरा उपायही सुचत नाही. अलीकडे तो जेवताना ताटावर पाच मिनिटे बसत नाही, रात्री ओसरीवर येरझारा घालतो, म्हणून आईची भीती आणखी वाढली आहे. दहा वाक्यांवरून माणसाचे मन मोजता येते का? त्याने खरे लिहिले असेल का? आणि उणे दोन म्हणजे तो पुन्हा गोळ्या सोडणार, असेच धरून चालायचे का?

एक बहीण, सातारा जिल्हा

ताई, सप्रेम नमस्कार.

फोटो जरा हललेला असला तरी दहाही खुणा नीट वाचता येतात, आणि मला आकड्यापेक्षा त्या खुणांविषयीच अधिक लिहायचे आहे. त्याआधी एक गोष्ट सांगते. हा कागद तुमच्या भावाचा आहे. त्याला सांगून तो पाठवला असेल तर उत्तमच. नसेल तर हे उत्तर वाचून झाल्यावर पहिल्यांदा त्याला तसे सांगा, कारण पुढे मी जे सुचवणार आहे त्यातले काहीही त्याच्या पाठीमागे करता येण्यासारखे नाही.

त्या दहा वाक्यांपैकी सहा वाक्ये औषधाच्या बाजूची आहेत आणि चार विरुद्ध बाजूची. औषधाच्या बाजूच्या वाक्याला ‘बरोबर’ म्हटले की अधिक एक आणि ‘चूक’ म्हटले की उणे एक गुण मिळतो. विरुद्ध बाजूच्या वाक्यांना याच्या नेमके उलट. दहाही उत्तरे दिलेली असतील तर बेरीज उणे दहा ते अधिक दहा यांच्यामध्ये येते आणि ती नेहमी सम संख्याच असते, कारण एक उत्तर पालटले की बेरीज दोनने हलते. तुमच्या भावाची चार उत्तरे औषधाच्या बाजूने पडली आणि सहा विरुद्ध, म्हणून उणे दोन. त्यातले एकच उत्तर पालटले असते तर शून्य आले असते आणि दोन पालटली असती तर अधिक दोन. संशोधक पुष्कळदा शून्याच्या वरची बेरीज अनुकूल आणि खालची प्रतिकूल धरतात. शंभर-दोनशे माणसांच्या गटाविषयी बोलताना ते सोयीचेही असते. पण एका घरातल्या एका माणसाचा निकाल दोन खुणांच्या फरकावर लावण्याची घाई आपण करतो, ती मला वाटते दहावीच्या गुणपत्रिकेने आपल्याला लावलेली सवय आहे. या कागदावर पास-नापास असे काही नसते.

आता खुणा पाहू. औषधे घेत राहिल्याने आजार उलटण्याचे टळते, या अर्थाच्या वाक्याला तुमच्या भावाने ‘बरोबर’ म्हटले आहे. औषधाने विचार अधिक स्पष्ट होतात, यालाही ‘बरोबर’. औषध चालू असताना आपण अधिक नॉर्मल असतो, हेही त्याला मान्य आहे. बरे वाटत नसेल तेव्हाच मी औषध घेतो, या वाक्याला त्याने ‘चूक’ म्हटले आहे, म्हणजे हे औषध डोकेदुखीच्या गोळीसारखे लागेल तेव्हा घ्यायचे नसते हे त्याला कळते. औषधाची गरजच न पटलेल्या माणसाची उत्तरे अशी येत नाहीत. आईंनी ‘याला औषध नकोच आहे’ असा जो अर्थ काढला, तो या चार खुणांपुढे टिकत नाही.

मग उरलेल्या सहा कोणत्या? औषधाने थकवा आणि सुस्ती येते: बरोबर. औषधाने विचित्र वाटते, अंगात प्राण नसल्यासारखे वाटते: बरोबर. औषधाने मन-शरीर सैल, शांत होते: चूक. आपल्या मनाचा आणि शरीराचा ताबा औषधाने घ्यावा हे नैसर्गिक नाही: बरोबर. मी औषध स्वतःच्या मर्जीने घेतो: चूक. आणि माझ्यापुरते बोलायचे तर औषधाचे फायदे तोट्यांपेक्षा जास्त आहेत: हेही चूक. या सहांपैकी पहिली तीन उत्तरे गोळी अंगात गेल्यावर काय होते ते सांगणारी आहेत, पुढची दोन गोळी कोणाच्या हुकमतीखाली घेतली जाते त्याविषयी आहेत, आणि शेवटचे उत्तर ही त्याने स्वतः मांडलेली वजाबाकी आहे. औषधाचा उपयोग आहे हे मान्य करून तो म्हणतो की त्याची किंमत मला फार पडते. इतक्या सरळपणे हे बोलून दाखवणारा रुग्ण मला तीस वर्षांच्या कामात क्वचितच भेटला. बहुतेक जण नुसते ‘घेतो की’ म्हणतात आणि गोळी खिडकीबाहेर टाकतात.

ज्या वाक्यापाशी मी सर्वाधिक वेळ थांबले ते ‘शांत वाटते’ याला दिलेले ‘चूक’. तुम्ही पत्राच्या शेवटाकडे, आईंच्या भीतीचे कारण म्हणून, ताटावर न बसण्याचा आणि ओसरीवरच्या येरझाऱ्यांचा उल्लेख केला आहे. माझ्या मते तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ तीच आहे. स्किझोफ्रेनियावरील काही औषधांनी, विशेषतः ती नव्याने सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर, पायात आणि आतून मनात अशी तगमग सुरू होते की माणसाला एका जागी बसवत नाही, उभे असताना तो पाय बदलत राहतो आणि चालत राहिल्यावरच थोडा उतार पडतो. वैद्यकात याला अकाथिसिया म्हणतात. बाहेरून पाहणाऱ्याला ती आजाराचीच अस्वस्थता वाटते. घरचे तसेच डॉक्टरांना सांगतात, आणि कधीकधी डॉक्टर त्यावर डोस वाढवतात, म्हणजे ज्या औषधाने हे सुरू झाले तेच आणखी दिले जाते. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ थिओडोर व्हॅन पुटन यांनी १९७४ साली, रुग्ण औषध का नाकारतात याचा शोध घेताना, नकाराचा संबंध अशा दुष्परिणामांशी आणि त्यातही या सूक्ष्म, सहज नजरेतून सुटणाऱ्या तगमगीशी असल्याचे दाखवले होते. त्याआधी, आणि खरे तर नंतरही, नकार हे आजाराचेच एक लक्षण समजून विषय संपवला जात असे. पुढे १९७८ मध्ये त्यांनी फिलिप मे यांच्यासह असेही मांडले की औषधाच्या अगदी पहिल्या डोसनंतर रुग्णाला आतून कसे वाटले, यावरून त्या औषधाचा त्याला पुढे कितपत उपयोग होईल याचा अंदाज येतो.

तुमच्या भावाला अकाथिसिया आहे असे मी इथे बसून म्हणू शकत नाही. येरझाऱ्या आवाजांच्या त्रासानेही असू शकतात, आणि हे दोन्ही वेगळे करणे डॉक्टरांचे काम आहे. परंतु तुम्ही त्यांना मदत करू शकता. दिवाळीनंतर गोळ्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा औषध किंवा डोस बदलला होता का, येरझाऱ्या त्याआधीपासून होत्या की नंतर सुरू झाल्या, गोळी घेतल्यावर किती वेळाने वाढतात, त्या वेळी तो कानाशी हात नेतो, कोणाशी बोलतो, की नुसता चालतो, हे सारे आठवडाभर एका वहीत लिहा. लिहिण्याआधी त्यालाही विचारा. ‘तुला चालावेसे वाटते, की चालल्याशिवाय राहवत नाही?’ या एका प्रश्नाच्या उत्तराने पुष्कळ गोष्टी उलगडतात. अकाथिसिया निघाला तर डॉक्टर डोस कमी करतात, औषध बदलतात किंवा तगमग कमी करणारी दुसरी गोळी जोडतात, उपाय आहेत. ही तगमग काही वेळा असह्य होते, म्हणून तो जीव नकोसा झाल्याचे बोलू लागला, किंवा आवाज त्याला काही करायला सांगत आहेत असे कळले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा. ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीतही बोलता येते, तेही लक्षात असू द्या.

दहा वाक्यांवरून मन मोजता येते का, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. हा कागद मुळात तीस वाक्यांचा होता. टोरांटोच्या होगन, अवाद आणि ईस्टवूड या तिघांनी १९८३ साली तो ‘ड्रग ॲटिट्यूड इन्व्हेंटरी’, म्हणजे औषधाविषयीच्या मताची प्रश्नावली, या नावाने प्रसिद्ध केला आणि पुढे त्याची दहा वाक्यांची आवृत्ती वापरात आली. त्यातले महत्त्वाचे पाऊल हे की औषध चांगले की वाईट याचे उत्तर डॉक्टर किंवा नातेवाईक यांच्याऐवजी गोळी गिळणाऱ्या माणसाला विचारले गेले. एवढे काम हा कागद चांगले करतो. ज्यांना या मोजणीत त्रुटी वाटल्या त्यांनी नंतर दुसऱ्या प्रश्नावल्या तयार केल्या. उदाहरणार्थ, १९९९ मध्ये इंग्लंडमध्ये रॉब हॉर्न आणि सहकाऱ्यांनी कोणत्याही आजाराच्या औषधांसाठी अशी प्रश्नावली मांडली जीत ‘मला हे लागते’ आणि ‘मला याची धास्ती वाटते’ हे दोन आकडे वेगवेगळे काढले जातात. तुमच्या भावाच्या बाबतीत मला ही पद्धत अधिक योग्य वाटली असती. त्याची गरजही खरी आहे आणि धास्तीही खरी आहे. दोन्हींची एकत्र बेरीज केली की उणे दोन नावाची, कशाचाच पत्ता न देणारी एक संख्या उरते.

त्याने खरे लिहिले का, हे बऱ्याच अंशी तो कागद भरताना खोलीत कोण होते यावर अवलंबून आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात बाह्यरुग्ण विभागातल्या गर्दीत मी हीच वाक्ये रुग्णाच्या वडिलांसमोर मोठ्याने वाचून खुणा करून घेत असे. एका मुलाची दहाही उत्तरे औषधाच्या बाजूने आली, मी समाधानाने फाइल बंद केली, आणि महिन्याभराने त्याच्या आईने तांदळाच्या डब्यामागे सापडलेल्या न फोडलेल्या पट्ट्या माझ्या टेबलावर आणून ठेवल्या. दोष माझ्या विचारण्याच्या पद्धतीत होता. माणसे समोरच्याला बरे वाटेल असे उत्तर देतात, त्यातून तो समोरचा माणूस डोस ठरवणारा किंवा घरखर्च चालवणारा असेल तर अधिकच. तुमच्या भावाने मात्र लाल शाईच्या मॅडमपुढे सहा उत्तरे गैरसोयीची दिली आहेत. खोटे बोलायचे असते तर त्याने उलट दिशेने बोलले असते. म्हणून त्याच्या खरेपणाविषयी मला शंका नाही.

भाषेविषयी मात्र थोडी शंका आहे. मूळ इंग्रजीत एका वाक्यात ‘झॉम्बी’, म्हणजे चालते-फिरते प्रेत, हा शब्द आहे. परदेशी चित्रपट पाहणाऱ्या तरुणाला तो कळेल, पण एका भाषांतरात मी तो ‘झोंबी’ असा छापलेला पाहिला आहे, आणि आपल्याकडे झोंबी म्हणजे तर झटापट. ‘औषधाने मला झोंबीसारखे वाटते’ या वाक्याला एका पैलवान गृहस्थांनी आनंदाने ‘बरोबर’ अशी खूण केली होती. तुमच्या भावाच्या कागदावर ‘प्राण नसल्यासारखे’ असे शब्द आहेत, ते बरे आहेत, तरीही त्याला स्वतःचा शब्द विचारायला हवा. रुग्ण सांगतात ते शब्द किती वेगवेगळे असतात पाहा: डोके जड झाले, अंग लाकडाचे झाले, काचेच्या आत बसल्यासारखे वाटते, रडू येत नाही, गाणे ऐकले तरी काही होत नाही. यातल्या प्रत्येकावरून डॉक्टरांच्या मनात वेगळी शंका येते. ‘मर्जीने’ या शब्दाचेही तसेच आहे. ज्या घरात आई रोज रात्री पाण्याचा पेला आणि गोळी हातावर ठेवते आणि ती गिळेपर्यंत समोर उभी राहते, तिथे औषधाला पूर्णपणे राजी असलेला मुलगासुद्धा ‘मर्जीने घेतो’ याला ‘चूक’ म्हणू शकतो, कारण त्याची मर्जी कोणी विचारलेलीच नसते. आपल्या घरांमध्ये ही माया असते हे मान्यच आहे, पण कागदावर ती उणे एक म्हणून उतरते.

उणे दोन म्हणजे तो गोळ्या सोडणारच का? नाही, तसे धरू नका, आणि आकडा अधिक आठ आला असता तरी तो सोडणार नाही असेही धरू नये. मत आणि वागणे यांचा संबंध असतो, पण तो सैल असतो. मनापासून पटूनही दुकानाच्या घाईत विसरणारे आहेत, पट्टी संपल्यावर तालुक्याला जायला पैसे नाहीत म्हणून थांबणारे आहेत, आणि रोज कुरकुर करत वर्षानुवर्षे एकही गोळी न चुकवणारेही आहेत. म्हणूनच थॉम्प्सन, कुलकर्णी आणि सर्जेजेव्ह यांनी २००० साली ऑस्ट्रेलियात जी दहा प्रश्नांची प्रश्नावली केली तीत गोळ्या विसरण्याविषयीचे प्रश्न आणि औषधाविषयीच्या मताचे प्रश्न एकत्र आणले. गोळ्या मोजणे, रक्तातले प्रमाण तपासणे, झाकण उघडल्याची वेळ टिपणारी बाटली, अशाही पद्धती आहेत. पण त्या गोळी गेली की नाही एवढेच सांगतात, का गेली नाही ते सांगत नाहीत.

तुमच्या भावाने तीनदा गोळ्या सोडल्या याचा राग घरात असणार, म्हणून दोन आकडे सांगते. अमेरिकेत ‘कॅटी’ या नावाने ओळखला जाणारा एक मोठा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात औषधाचा किमान एक डोस घेतलेल्या १,४३२ रुग्णांपैकी ७४ टक्के जणांचे नेमून दिलेले औषध अठरा महिने पूर्ण होण्याआधीच बंद झाले: कोणाला गुण आला नाही, कोणाला त्रास सोसवला नाही, कोणी स्वतःच ठरवले. तुमचा भाऊ जगावेगळा हट्टी नाही. दुसरा आकडा त्याने स्वतः वाचावा असा आहे. श्टेफान लॉइश्ट आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये या आजारावरील औषधांच्या ६५ चाचण्यांचा एकत्र हिशेब मांडला; सुमारे वर्षभरात औषध चालू ठेवलेल्यांपैकी २७ टक्के जणांचा आजार उलटला, तर औषधाऐवजी बिनऔषधी गोळी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के जणांचा. औषध घेऊनही शंभरातल्या सत्तावीस जणांचा आजार उलटतो, ही गोष्ट त्याच्यापासून लपवू नका, नाहीतर उद्या तसे झाले तर औषध फसवे होते असा तो निष्कर्ष काढेल. पण या दोन संख्यांमधले अंतर इतके मोठे आहे की त्रास होतो म्हणून गोळी एका दिवसात, परस्पर बंद करणे हा मार्ग उरत नाही. त्रास कमी करायचा तो डॉक्टरांना सांगून.

आता चहाविषयी. आईंना दोष देणे मला जमणार नाही. दिवाळीनंतरचे ते बारा दिवस त्यांनी पाहिले आहेत, आणि अनेक घरांत हे गुपचूप चालते. पण जे होईल ते आधी डोळ्यांपुढे आणा. ‘माझ्या खाण्यात काहीतरी कालवतात’ हा या आजारातला नेहमीचा संशय आहे. आजवर तो खोटा होता म्हणून तुम्ही त्याला समजावू शकत होतात, आणि पहिला चहा दिला की तो खरा होईल. ज्या दिवशी त्याला पेल्याच्या तळाशी गाळ दिसेल त्या दिवसापासून तो आईच्या हातचे जेवणार नाही, आणि डॉक्टरांवरचाही विश्वास जाईल. शिवाय काही गोळ्या शरीरात हळूहळू विरघळाव्यात अशा बनवलेल्या असतात, त्या कुटायच्याच नसतात. त्याने पट्टीतली गोळीही घेतली तर डोस दुप्पट होईल, अर्धा चहा सोडला तर निम्मा जाईल, आणि डॉक्टर मात्र कागदावरचा डोस खरा मानून निर्णय घेत राहतील. आणखी एक तोटा असा की गोळीविना आपण बरे आहोत असे त्याला प्रामाणिकपणे वाटू लागेल. आज त्या कागदावर जी चार अनुकूल उत्तरे आहेत, ती त्याने औषध चालू असतानाचे आणि बंद असतानाचे दिवस ताडून पाहून मिळवलेली आहेत. चहाने नेमकी तीच पुसली जातील.

कायद्याची बाजूही थोडक्यात सांगते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार, मानसिक आजार आहे एवढ्यावरून एखाद्याला स्वतःच्या उपचारांचा निर्णय घेता येत नाही असे मानता येत नाही. त्याच कायद्याने प्रौढ व्यक्तीला असाही अधिकार दिला आहे की, उद्या आपली निर्णयक्षमता ढळली तर कोणते उपचार व्हावेत व कोणते होऊ नयेत हे आज लिहून ठेवावे, आणि त्या वेळी आपल्या वतीने बोलणारी व्यक्तीही आपणच नेमावी. तुमचा भाऊ सध्या बोलण्याच्या स्थितीत आहे. दिवाळीसारखी वेळ पुन्हा आली तर गोळी कोणी द्यावी, कोणत्या औषधाने फार त्रास झाला होता, कोणत्या नातेवाइकाला बोलवावे, हे त्याच्याच शब्दांत लिहून घेण्याचा काळ हाच आहे. ‘मर्जीने’ या वाक्यापुढे ‘चूक’ लिहिणाऱ्या माणसाला अशा कागदाचे मोल अधिक वाटते, असे मी पाहिले आहे.

पुढच्या भेटीला जाताना भाऊ, तो कागद आणि येरझाऱ्यांची वही, तिन्ही बरोबर न्या, आणि डॉक्टरांशी बोलायला सुरुवात त्याला करू द्या. पहिली पाच मिनिटे तुम्ही बाहेर बसलात तरी चालेल. तगमग आणि सुस्ती यांविषयी आधी बोलणे व्हावे, गोळ्या सोडण्याविषयी नंतर. सुस्तीसाठी कधीकधी गोळीची वेळ बदलणेही पुरते. दुकान सकाळी नऊला उघडणाऱ्या माणसाने रात्री बारा वाजता झोप आणणारी गोळी घेतली तर दुपारपर्यंत डोळे जड राहणारच. महिन्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनचा पर्यायही असतो, पण ते ‘तू गोळ्या टाकतोस म्हणून’ असे म्हणून पुढे करू नका. रोजची आठवण आणि रोजचा पहारा दोन्ही टळतात म्हणून काही जण ते आनंदाने निवडतात, तर काहींना सुई म्हणजे शिक्षा वाटते. त्याला काय वाटते ते त्यालाच विचारा.

घरात एक बदल आजच करता येईल. गोळ्यांचा आठवड्याचा डबा त्याच्या ताब्यात द्या, तो त्याने रविवारी स्वतः भरावा, आणि आईंनी पेला घेऊन उभे राहणे थांबवावे. डबा रात्री रिकामा झाला की नाही हे तुम्ही दोघांनी ठरवून, उघडपणे पाहावे. तुमच्या पत्रात नाही, पण बहुतेक घरांत असते म्हणून लिहिते: पाहुणे आले की हा डबा देव्हाऱ्यामागे लपवला जात असेल तर तेही थांबवा. ज्या वस्तूची घराला लाज वाटते तिच्याविषयी मुलाचे मत अनुकूल व्हावे, ही अपेक्षा जरा जास्तच आहे. देवाला, अंगाऱ्याला माझी हरकत नाही. गोळीच्या बदल्यात तो नको एवढेच.

आईंना एकट्याने हे पेलणार नाही. आपल्याकडे रुग्णाला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणणारे स्वमदत गट आहेत. पुण्यातील स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन अनेक वर्षे हे काम करते, आणि तिथे चहात गोळी घालून पाहिलेल्या एखाद्या आईशी तुमच्या आईंचे बोलणे झाले तर माझ्या या साऱ्या मजकुरापेक्षा ते अधिक उपयोगी पडेल. तुमच्या जिल्ह्याचाही या विषयाशी जुना संबंध आहे. २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय चाचणीत तामिळनाडू, गोवा आणि सातारा येथील २८२ रुग्ण होते. त्यांतील बऱ्याच जणांच्या घरी प्रशिक्षण घेतलेले कार्यकर्ते नियमित जात, औषधाच्या अडचणी समजून घेत आणि कामाला लागण्यास मदत करत. वर्षभराने नुसत्या दवाखान्याच्या उपचारांपेक्षा त्यांच्या लक्षणांत आणि दैनंदिन जगण्यात थोडी अधिक सुधारणा दिसली. फरक फार मोठा नव्हता, पण घरी जाऊन गोळीविषयी विचारपूस करणारा माणूस डॉक्टरच असावा लागतो असे नाही, एवढे त्यावरून दिसते.

औषधात काही बदल झाला तर दोन-तीन महिन्यांनी तोच कागद पुन्हा भरून घ्यायला मॅडमना सांगा. त्या वेळी खोलीत तुम्ही नको, आई नको. बेरीज उणे दोनवरून शून्यावर आली तर ते एकाच उत्तराचे पालटणे आहे, म्हणून पेढे वाटू नका, आणि उणे चार आली तर घाबरूही नका. दोन्ही कागद शेजारी ठेवा आणि ‘शांत वाटते’, ‘सुस्ती येते’ आणि ‘मर्जीने घेतो’ या तीन ओळींपुढच्या खुणा बदलल्या का, एवढेच आधी पाहा.